जुन्या पायथन प्रकल्पाला ब्लॅक लावायचंय, गिट ब्लेम कसं वाचवायचं?

धागाकर्ती: आमच्या मुक्तस्रोत लायब्ररीची नियमावली अजून ७९ अक्षरांच्या ओळीवर आहे. ब्लॅक (कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं साधन) लावून ८८ वर जायचं ठरलंय. पण मग गिट ब्लेम (कोणती ओळ शेवटची कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) बदललेल्या ओळींवर फॉरमॅटिंगचीच नोंद दाखवेल. फायली ४००च्या आसपास, उघड्या पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंत्या) ३०. आधी काय करावं?

रीबेसकर: फॉरमॅटिंगची कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) एकटी ठेवा, तिच्यात हाताने एकही ओळ बदलू नका. तपासणाऱ्याने ब्लॅकची तीच आवृत्ती चालवावी आणि निकाल तंतोतंत जुळावा, बस्स.

ती मेन या मुख्य ब्रँचमध्ये गेली की मगच वेगळ्या कमिटने रेपोच्या मुळाशी 'डॉट गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज' फाइल घाला, आत त्या फॉरमॅटिंगच्या कमिटचा पूर्ण ४० अक्षरी हॅश (तिची ओळखखूण). दोन्ही एकाच पुल रिक्वेस्टमध्ये घालून स्क्वॉश केलंत (सगळ्या कमिट एकत्र केल्यात) तर हॅश बदलतो आणि फाइलमधली नोंद निरुपयोगी होते. गिटहब ही फाइल आपोआप वाचतं आणि ब्लेममध्ये ती कमिट वगळतं. आपल्या मशीनवर मात्र गिट २.२३ किंवा पुढचं हवं आणि कॉन्फिगमध्ये फाइलचं नाव द्यावं लागतं. ते ग्लोबल कॉन्फिगमध्ये नको! ज्या रेपोत ही फाइल नाही, तिथे ब्लेम एररच देतं.

धागाकर्ती: आणि त्या ३० पुल रिक्वेस्ट?

रीबेसकर: लहान असतील त्या आधी मर्ज करून टाका. बाकीच्यांसाठी: फॉरमॅटिंगच्या लगेच आधीची कमिट ब्रँचमध्ये मर्ज करा, कॉन्फ्लिक्ट तिथेच सोडवा. मग ब्लॅक चालवून कमिट करा. त्यानंतर फॉरमॅटिंगची कमिट 'अवर्स' स्ट्रॅटेजीने, म्हणजे आपल्या ब्रँचचाच मजकूर ठेवून, मर्ज करा (कमांडचा पर्याय लहान एस, मोठा एक्स नव्हे). ब्रँच आधीच नव्या शैलीत असल्यामुळे काही हरवत नाही. या पायऱ्या योगदान-मार्गदर्शिकेत कमांडसकट लिहा, नवख्या माणसाला एकटं सोडू नका.

लिंटवाली: ब्लॅकची आवृत्ती प्री-कमिट (कमिटआधी आपल्या मशीनवर चालणारी तपासणी) आणि सीआय (सर्व्हरवर आपोआप चालणारी तपासणी) दोन्हीकडे एकच, नेमकी लिहा. त्याची स्थिर शैली जानेवारीत बदलू शकते. आवृत्ती मोकळी सोडली तर कुणाच्या तरी दोन ओळींच्या दुरुस्तीवर सीआय अचानक लाल होतं. फ्लेक-८ (शैलीच्या चुका दाखवणारं साधन) वापरत असाल तर कमाल लांबी ८८ करा आणि त्याचा ई२०३ हा कोलनआधीच्या जागेचा नियम बंद करा, कारण स्लाइसमध्ये ब्लॅक कधीकधी कोलनआधी जागा सोडतो.

नियमावलीतून मोकळ्या जागा, कंस, अवतरणचिन्हं यांचे नियम काढूनच टाका, ते आता साधन पाहील. नावं कशी द्यायची, एक्सेप्शन कुठे पकडायचं, डॉकस्ट्रिंगमध्ये काय हवं, हे मात्र माणसालाच ठरवावं लागतं. तिथे प्रत्येक नियमाला चूक-बरोबर उदाहरण द्या.

रीबेसकर: स्टेबल ब्रँचवर बॅकपोर्ट करत असाल (नव्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीत नेत असाल) तर तीही त्याच आवृत्तीने फॉरमॅट करा, नाहीतर प्रत्येक चेरी-पिक (एकेक कमिट उचलून तिथे लावणं) अडेल. तिथला हॅश वेगळा असतो, तोही नोंदवा.