सदस्य विद्यापीठात घोटाळा झाला की कॉन्फरन्स नेमकं काय करू शकते?

सायडलाइन (प्रश्न)

२०२३ साली मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं खुणा (प्रतिस्पर्धी प्रशिक्षक खेळाडूंना करतात ते इशारे) चोरण्याचं प्रकरण बाहेर आलं आणि बिग टेननं, म्हणजे मिशिगन ज्या कॉन्फरन्समध्ये (एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेत) आहे तिनं, तीन-साडेतीन आठवड्यांत प्रशिक्षक जिम हारबॉ यांना तीन सामन्यांसाठी बाहेर बसवलं. एनसीएएचा (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची देशपातळीवरची संस्था) निकाल यायला मात्र ऑगस्ट २०२५ उजाडला. उलट मिशिगन स्टेट विद्यापीठाचा डॉक्टर लॅरी नासर याच्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणात त्याच बिग टेननं शिक्षा म्हणून काहीच केलं नाही. कॉन्फरन्सला हा अधिकार मिळतो कुठून, मर्यादा कोण ठरवतं, आणि इतकं होऊनही सदस्याला सरळ हाकलत का नाहीत?

पोटनियम

कॉन्फरन्स ही नियामक संस्था नाही. विद्यापीठांनी आपसात केलेला तो करार आहे. संचालक मंडळावर सदस्य विद्यापीठांचेच अध्यक्ष किंवा कुलगुरू बसतात आणि कमिशनर हा त्यांनी नेमलेला माणूस. त्यामुळे कमिशनरनं काय करायला हवं होतं हे विचारण्याआधी नियमपुस्तिका त्याला किती हात हलवू देते ते बघावं लागतं.

मिशिगनच्या बाबतीत वापरला गेला तो खिलाडूवृत्तीचा नियम. त्यात शिक्षेच्या दोन पायऱ्या आहेत. साधी शिक्षा: ताकीद, १०,००० डॉलरपर्यंत दंड, जास्तीत जास्त दोन सामन्यांची बंदी. एवढं कमिशनर एकट्याच्या सहीनं करू शकतो. त्याच्या वर गेलं की ती मोठी शिक्षा, आणि तिला विद्यापीठांच्या संयुक्त कार्यकारी समितीची आधी संमती लागते. बिग टेनचे कमिशनर टोनी पेटिटी यांनी तीन सामने लावले, म्हणजे समितीकडे जाणं आलंच. दोन आणि तीन यांच्यातला हा एक सामना बहुतेक बातम्यांत हरवून गेला.

क्रम असा होता. १८ ऑक्टोबरला एनसीएएनं बिग टेनला कळवलं. ६ नोव्हेंबरला विद्यापीठाला कारवाईची नोटीस, ८ ला त्यांचं उत्तर, १० ला निर्णय. निर्णयाची शब्दरचना मुद्दाम बघा: शिक्षा हारबॉंना नाही, विद्यापीठाला आहे, ती फक्त प्रशिक्षकाच्या रूपानं बजावली. हारबॉंना हे माहीत होतं असा ठपका त्यात नाहीच. माहीत होतं हे सिद्ध करायला महिने गेले असते. संस्थेच्या कर्मचाऱ्यानं नियम मोडला एवढं दाखवायला हाती असलेला पुरावा पुरला. बंदीही अर्धीच होती: आठवडाभर सराव घ्यायला मोकळीक, सामन्याच्या दिवशी मैदानात पाय ठेवायचा नाही.

तुमच्या तुलनेचं उत्तर इथेच आहे. मिशिगनच्या माणसांनी प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना जाऊन त्यांच्या खुणा चित्रित केल्या. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा सामना प्रत्यक्ष जाऊन न्याहाळण्यावर १९९४ पासून बंदी आहे. म्हणजे इथे नुकसान झालेले लोक मतदान करणारे सदस्यच होते आणि हंगाम चालू होता. नासर प्रकरणात बळी पडल्या त्या मुली आणि तरुणी. त्यांचं मंडळावर मत नाही. कॉन्फरन्सचे नियम मुळात स्पर्धेचं रक्षण करायला लिहिलेले आहेत, माणसांचं नाही. हे कुणी उघडपणे कबूल करत नाही, पण नियमपुस्तिका वाचली की दडत नाही.

आकडेवाला

वरचं बरोबर, पण कॉन्फरन्सचं खरं हत्यार निलंबन नाही, तिजोरी आहे. प्रसारण, बोल सामने (फुटबॉल हंगाम संपल्यावरचे खास सामने) आणि बास्केटबॉल स्पर्धा यांचा पैसा आधी कॉन्फरन्सकडे जमा होतो आणि मग वाटला जातो. शिक्षा करायला काही वसूल करावं लागत नाही, फक्त द्यायचं थांबवावं लागतं. दंड वसूल करायला गेलं की वकील येतात. हप्ता रोखला की समोरच्याला यावं लागतं.

सगळ्यात नीट अभ्यासण्यासारखं उदाहरण बिग ट्वेल्व्ह या दुसऱ्या कॉन्फरन्समधल्या बेलर विद्यापीठाचं. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी दाबल्याच्या प्रकरणात मे २०१६ मध्ये प्रशिक्षक आर्ट ब्राइल्स गेले. चौकशी करणाऱ्या वकिली फर्मनं १०५ शिफारशी केल्या, पण सविस्तर लेखी अहवाल दिलाच नाही, विद्यापीठाच्या मंडळाला तोंडी माहिती दिली. बिग ट्वेल्व्हची अडचण इथेच झाली. सुधारणा झाल्या असं बेलर म्हणतंय, पण पडताळायचं कशावरून? समन्स काढायचा अधिकार कॉन्फरन्सला नसतो. म्हणून फेब्रुवारी २०१७ मध्ये मंडळानं ठरवलं की बेलरच्या पुढच्या वाटपातले २५ टक्के रोखायचे, आणि बाहेरच्या तज्ज्ञाकडून सुधारणा खरंच अमलात आल्याची खात्री झाली की सोडायचे. ऑक्टोबर २०१८ मध्ये पडताळणी पूर्ण झाली तोवर सुमारे १ कोटी ४२ लाख डॉलर अडकले होते. २० लाख दंड कापून बाकीचे परत केले.

म्हणजे त्या २५ टक्क्यांतला मोठा भाग शिक्षा नव्हताच, तारण होतं. अशी रचना टिकते ती तीन गोष्टींमुळे: किती रोखणार ते टक्क्यांत ठरलेलं, कशानंतर सोडणार ते लिहिलेलं, आणि तपासणारा तिसराच. यातलं मधलं कलम राहून गेलं की घोडं अडतं. ‘समाधान झाल्यावर सोडू’ असं लिहिलं तर समाधान कुणाचं यावर दोन वर्षं पत्रव्यवहार.

याच प्रकरणात एनसीएएनं ऑगस्ट २०२१ मध्ये काय केलं? मुख्य आरोपांत त्यांचा नियम मोडल्याचा निष्कर्ष काढता येत नाही म्हणाले, आणि इतर किरकोळ उल्लंघनांसाठी चार वर्षांचं प्रोबेशन (देखरेखीचा काळ) व ५,००० डॉलर दंड. २० लाख आणि ५,००० शेजारी ठेवून बघा.

जुना पंच

पेन स्टेट विद्यापीठाचा, तिथल्या माजी सहप्रशिक्षकानं केलेल्या बालकांच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणाचा, उल्लेख राहिला. २३ जुलै २०१२ ला एनसीएएनं ६ कोटी डॉलर दंड, चार वर्षं पोस्टसीझन (हंगामानंतरच्या सामन्यांची) बंदी, शिष्यवृत्त्यांत कपात आणि १९९८ ते २०११ चे विजय रद्द असं जाहीर केलं. बिग टेननं त्याच दिवशी आपली भर घातली: निषेध, पाच वर्षं प्रोबेशन, चार वर्षं कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्याला अपात्र, आणि बोल सामन्यांतला अंदाजे १ कोटी ३० लाखांचा वाटा बालसंरक्षणाचं काम करणाऱ्या संस्थांना.

एनसीएएनं स्वतः चौकशी न करता विद्यापीठानं नेमलेल्या लुई फ्री यांच्या चौकशी अहवालावर विसंबून विद्यापीठाकडून संमतीपत्र घेतलं होतं. पुढे पेनसिल्व्हेनियात त्यावर खटला झाला, सप्टेंबर २०१४ मध्ये पोस्टसीझन बंदी उठली, जानेवारी २०१५ मध्ये विजयही परत मिळाले. वरच्या संस्थेच्या निर्णयावर टेकून शिक्षा केली की वरचा खांब हलल्यावर आपलंही छप्पर हलतं. आणि बंदीचा फटका कुणाला? गुन्हा घडला तेव्हा शाळेत असलेल्या पोरांना. चोर सोडून संन्याशाला फाशी. मिशिगनच्या २०२५ च्या निकालात एनसीएएच्या समितीनं हेच ओळखलं: पोस्टसीझन बंदी योग्य ठरली असती, पण ती आताच्या खेळाडूंवर अन्याय करेल, म्हणून पैशांवर नेलं. ५०,००० डॉलर, फुटबॉलच्या अंदाजपत्रकाच्या १० टक्के, शिवाय २०२५ आणि २०२६ च्या पोस्टसीझनच्या अपेक्षित उत्पन्नाएवढी रक्कम.

कॉन्फरन्स स्वतःहून अजिंक्यपदाची बंदी घालत नाही असाही एक समज आहे. १९८० मध्ये पॅक-टेन या पश्चिमेकडच्या कॉन्फरन्सनं दहापैकी पाच सदस्यांना, यूसीएलए, यूएससी, ओरेगन, ओरेगन स्टेट आणि ॲरिझोना स्टेट, फुटबॉलचं विजेतेपद आणि बोल सामने यांना अपात्र ठरवलं होतं. अर्धी कॉन्फरन्स!

सायडलाइन

हाकलण्याचा प्रश्न मात्र राहिलाच. आणि मिशिगन कोर्टात गेलं होतं ना, तिथे काय निघालं?

पोटनियम

कोर्टात निकाल असा काही लागलाच नाही. १० नोव्हेंबरला सरकारी सुट्टी होती आणि संघ पेन स्टेटला निघाला होता, तेव्हा निर्णय आला. वॉशटेनॉ काउंटीच्या न्यायालयात तातडीच्या मनाईहुकमाचा अर्ज पडला, पण पहिल्या सामन्याआधी आदेश मिळाला नाही. सुनावणी १७ ला होती. १६ ला विद्यापीठानं दावा मागे घेतला, बंदी मान्य केली आणि बिग टेननं आपली चौकशी बंद केली. दोघांचेही हात दगडाखाली होते: सुनावणीत कॉन्फरन्सचा नियम लंगडा ठरला असता, किंवा विद्यापीठाची आणखी कागदपत्रं उघड झाली असती.

एनसीएए ही सरकारी सत्ता वापरणारी संस्था नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं टार्केनियन खटल्यात १९८८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं. त्यामुळे खाजगी संघटनेविरुद्ध घटनात्मक हक्कांचा युक्तिवाद अवघड जातो. खरा वाद होतो तो ‘तुम्ही तुमचीच नियमपुस्तिका पाळली नाही’ हा. म्हणून नोटीस, उत्तराची मुदत आणि समितीची संमती हे टप्पे चुकले की कॉन्फरन्स हरते, आरोप कितीही खरे असोत.

हाकलण्याबद्दल: १९२९ मध्ये बिग टेननं खेळाडूंना पैसे देणाऱ्या गुप्त निधीवरून आयोवाला निलंबित केलं. निलंबन १ जानेवारी १९३० पासून लागू झालं आणि १ फेब्रुवारीला उठलंही. १९६७ मध्ये अशाच निधीवरून इलिनॉयला सांगितलं गेलं की तीन प्रशिक्षकांना काढा, नाहीतर सदस्यत्वावर टाच येईल. तिघांनी राजीनामे दिले. हकालपट्टी ही वापरायची नाही, दाखवायची वस्तू.

आज ती दाखवणंही महाग. सदस्य गेला की सगळ्यांची वेळापत्रकं फाटतात, प्रसारण करारात सदस्यसंख्येवर रकमा ठरलेल्या असू शकतात, आणि घरच्या सामन्यांचे प्रसारण हक्क विद्यापीठानं कॉन्फरन्सला लिहून दिलेले असतील तर ते कुणाचे यावर वेगळा खटला.

आकडेवाला

त्यात मतांचं गणितही घाला. बिग ट्वेल्व्हच्या पोटनियमांत अशा निर्णयाला हितसंबंध नसलेल्या संचालकांपैकी ७५ टक्के लागतात. बेलरच्या वेळी सदस्य दहा होते; आरोपी सदस्य वगळून नऊ उरले तर सात. तिघांनी हात वर केला नाही की ठराव पडला. आणि ज्याच्या स्वतःच्या कपाटात काही आहे तो हात वर करायला दोनदा विचार करतो.

एखादं नवं प्रकरण आलं तर आधी बातम्या वाचू नका. त्या कॉन्फरन्सच्या पुस्तिकेतलं शिक्षेचं कलम काढा, कमिशनर एकटा कुठवर जाऊ शकतो ती ओळ शोधा, आणि पुढचं वाटप कोणत्या महिन्यात आहे ते बघा. पैसे आधीच वाटून झाले असतील तर पुढच्या हप्त्यापर्यंत फक्त पत्रकं निघतील.