पंधरा दिवसांत सेकंड स्टेजची थर्ड स्टेज कशी काय झाली?

प्रश्न (अंबाजोगाईहून):
माझ्या मावशीला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघालाय, वय ५२. आधी मॅडमनी आतून तपासून स्टेज टू बी सांगितली, मग संभाजीनगरला एमआरआय केला तर फाईलवर थ्री सी वन आर लिहून दिलं. घरात सगळे म्हणायलेत तपासायला तुकडा काढला (बायोप्सी) म्हणून पसरला, मामा तर रेडिएशनच नको म्हणायलेत. खरंच पसरला का एवढ्यात? अन् ते शेवटचं आर काय असतं?

उत्तर (रेडिओलॉजीला शिकते, नांदेड):
दादा, तुकडा काढल्यानं पसरत नाही, हे आधी मामांना सांगा. हातानं तपासताना गाठ केवढी, खाली योनीत किती उतरली, बाजूचा भाग कडक झालाय का एवढं कळतं. कॅन्सर बाजूला पसरलाय पण ओटीपोटाच्या भिंतीला टेकला नाही म्हणजे टू बी. पण खोलवरच्या लसिकाग्रंथी बोटाला लागतच नाहीत, त्या एमआरआय नाहीतर पेट सीटीत (कॅन्सर कुठं कुठं आहे ते दाखवणारा अंगाचा स्कॅन) दिसतात. २०१८ आधी फिगोच्या (स्त्रीरोगतज्ज्ञांची जागतिक संघटना, स्टेज तीच ठरवते) स्टेजमध्ये ग्रंथी धरतच नव्हते, आता धरतात, ओटीपोटातल्या असल्या तर थ्री सी वन, वर महाधमनीजवळच्या असल्या तर थ्री सी टू. आर म्हणजे स्कॅनवर दिसलं, लॅबमध्ये तपासून सिद्ध झालं तर पी लिहितात. ती ग्रंथी बहुतेक पहिल्यापासूनच तिथं होती, दिसली आत्ता.

उत्तर (धाराशिव):
किडनीला सूज लिहिलीय का बघा. माझ्या आईची किडनीतून खाली येणारी लघवीची नळी गाठीनं दाबली होती, तेवढ्यावरच थ्री बी झालं, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) वाढलं म्हणून आधी स्टेंट (नळी उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकला मग केमो. अन् मामांना म्हणावं टू बी असती तरी रेडिएशन अन् दर हप्त्याला सिस्प्लॅटिन (केमोचं औषध) हेच होतं. सुरू झालं की खंड पाडू नका, आतलं रेडिएशन (योनीतून गाठीजवळ देतात ते) धरून आठ आठवड्यांत संपलं पाहिजे. लोक पोळ्याला, लग्नाला म्हणून पेशंटला गावाकडं आणतात अन् मधेच थांबवतात, तसं अजिबात करू नका.

प्रश्न विचारणारे:
किडन्या नॉर्मल लिहिल्यात ताई. डावीकडं १४ मिमीची ग्रंथी आहे. पेट सीटी सांगितलाय, आता एमआरआय झालाय तर तो कशाला?

नांदेड:
करा दादा. वरच्या ग्रंथी आहेत का ते कळलं की रेडिएशन वर कुठपर्यंत द्यायचं ते ठरतं. जाताना एमआरआयची सीडी न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको.