मदत हवी आहे: टाइलच्या तुकड्यांची खडी वापरलेल्या काँक्रीटची ताकद का पडली?

नमस्कार मंडळी,

फुटक्या सिरॅमिक टाइल आणि सॅनिटरीवेअर शेवटी भरावात जातात. त्यांची खडी करून काँक्रीटमध्ये वापरता येते का, हे आम्ही शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात तपासतोय. पहिली बॅच फसली आहे आणि दुसरी घालण्याआधी चूक समजून घ्यायची आहे.

मिक्स असं: घनमीटरला 360 किलो सिमेंट, 180 लिटर पाणी, 1120 किलो खडी. त्यातली 25 टक्के, म्हणजे 280 किलो खडी काढून तेवढ्याच वजनाचे टाइलचे तुकडे घातले. बॅच 30 लिटरची केली, त्यात तुकडे 8.4 किलो. हातोडीने फोडलेले, 20 मिमीच्या चाळणीतून काढलेले आणि कोरडेच. मिक्सरमध्ये सुरुवातीला माल छान लोण्यासारखा दिसत होता, पण पाच-सात मिनिटांत सुकल्यासारखा झाला. साध्या मिक्सचा स्लंप (साचा काढल्यावर ओला माल किती खचतो ते माप) 80 मिमी आला होता, याचा 20. साच्यात बसेना म्हणून साधारण दीड लिटर पाणी वाढवलं. 28 दिवसांनी दाबून पाहिले तेव्हा साधे क्यूब (चाचणीचे काँक्रीटचे ठोकळे) सरासरी 34 मेगापास्कल दाबाला फुटले, टाइलवाले 27 ला.

फुटलेला क्यूब हातात घेऊन पाहिला. टाइलच्या चकचकीत बाजूवरून मसाला पापडीसारखा सुटला होता, खाली ग्लेझ जशीच्या तशी, बोट फिरवलं तर गुळगुळीत. त्याच तुकड्याच्या मागच्या रेघांच्या बाजूला मात्र मसाला इतका घट्ट की स्क्रूड्रायव्हरने निघेना. बरेच तुकडे आडवे पडलेले होते, आणि काहींच्या खाली केसाएवढी पोकळी.

दोष ग्लेझचा आहे का? प्रमाण कमी करून 10 टक्क्यांवर यावं का? की टाइल या कामाला चालतच नाही? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद 1

टाइलला दोष देण्याआधी पाण्याचा हिशोब करा. भिंतीच्या टाइलचा गाभा सच्छिद्र असतो, वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त पाणी पितो. व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली) टाइल अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर असते. तुमचे तुकडे भिंतीच्या टाइलचे असतील आणि शोषण 12 टक्के धरलं, तर 8.4 किलोने एक लिटर पाणी ओढलं. बॅचचं एकूण पाणीच 5.4 लिटर! माल सुकला तो यामुळे.

मग तुम्ही दीड लिटर ओतलं. एकूण 6.9 झालं, सिमेंट 10.8 किलो. तुकड्यांनी पूर्ण लिटर प्यायलं असेल तर सिमेंटच्या वाट्याला 5.9 उरलं, पाणी-सिमेंट गुणोत्तर जवळपास 0.55. अर्धंच प्यायलं असेल तर 0.59. डिझाइन होतं 0.50. ताकद पडायला एवढं पुरेसं आहे.

दुसरी चूक वजनाने बदली करण्याची. टाइलची घनता खडीपेक्षा कमी. 2.8 घनतेची (लिटरला 2.8 किलो) 8.4 किलो खडी 3 लिटर जागा घेते, 2.3 च्या टाइलला तेवढ्याच वजनाला 3.65 लिटर लागते. म्हणजे सिमेंट-पाण्याची पेस्ट तेवढीच आणि तिने बांधायचे खडी-तुकडे जास्त. बदली आकारमानाने करा.

प्रतिसाद 2

वरच्या हिशोबाशी सहमत, पण ग्लेझलाही सोडू नका. तुमच्या निरीक्षणातच ते आहे. त्यात आठ-दहा मिमी जाडीची टाइल 20 मिमीला फोडली की तुकडा चपटाच होणार, दुसरं काही होऊच शकत नाही. चपटा तुकडा आडवा बसतो, वर येणारं पाणी त्याच्या पोटाखाली अडतं आणि ती पोकळी राहते. तुकडे 10 मिमीपर्यंत बारीक करा, क्रशरमधून दोनदा काढलेत तर उत्तम, आणि फक्त बारीक खडीच्या जागी वापरा. ग्लेझचं प्रमाणही आपोआप विखुरतं.

टाइल चालतच नाही असं अजिबात नाही. स्पेनमध्ये सॅनिटरीवेअरची खडी 15, 20 आणि 25 टक्के घालून केलेला अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला, त्यात ताकद घटली नाही, थोडी वाढलीच. जपानी संशोधकांनी तर 2009 मध्ये सच्छिद्र सिरॅमिक तुकडे मुद्दाम भिजवून उच्च ताकदीच्या काँक्रीटमध्ये घातले. तुकड्यांनी धरून ठेवलेलं पाणी नंतर आतूनच सिमेंटला मिळत राहतं, आकुंचन कमी होतं. आज जे पाणी पिणं तुम्हाला नडलं, तेच तिथे कामाला आलं. त्यामुळे प्रमाण कमी करण्याची घाई नको.

आणि एक कळकळीने सांगतो: टाइल कोरडी फोडू नका. त्या धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसातून परत येत नाही. पाणी मारून फोडा, साधा कापडी रुमाल पुरत नाही, धुळीचा चांगला मास्क लावा.

प्रतिसाद 3

टाइल नव्या होत्या की काढलेल्या? काढलेल्यांना जिप्समचं प्लास्टर चिकटलेलं असेल तर आधी साफ करा. त्यातलं सल्फेट महिन्यांनंतर काँक्रीट फुगवू शकतं, 28 दिवसांच्या क्यूबमध्ये ते दिसणारही नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. टाइल वाहतुकीत फुटलेल्या, नव्याच होत्या. पण भिंतीच्या आणि जमिनीच्या एकाच ढिगात होत्या, हे मला लिहायचंही सुचलं नव्हतं. आज 40 तुकडे घेऊन प्रत्येकाच्या तुटलेल्या कडेवर पाण्याचा थेंब टाकला. 27 तुकड्यांवर थेंब बघता बघता आत गेला, 13 वर मोत्यासारखा बसून राहिला. आता दोन ढीग वेगळे करतेय.

एकच शंका: भिजवलेले तुकडे निथळून घेतले तरी वर पाणी राहतंच. ते कसं धरायचं?

प्रतिसाद 1

24 तास भिजवा, निथळा, ओल्या गोणपाटाखाली ठेवा. घालण्याच्या दिवशी त्यातले किलोभर तुकडे वजन करून 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. जेवढं वजन कमी झालं त्यातून शोषणाचं पाणी वजा करा. जे उरेल ते वरचं पाणी, ते मिक्सच्या पाण्यातून कमी करायचं. दोन्ही ढिगांचं शोषण वेगवेगळं काढा. आणि माल घट्ट वाटला तर पाण्याची बादली लांब ठेवा, सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल पातळ करणारं रसायन) वापरा.