भूमध्य समुद्रातली क्रूझ: कुठे जहाजाची सहल घ्यावी, कुठे आपले आपण फिरावे?

गलबत:
ऑक्टोबरमध्ये बार्सिलोनाहून सात रात्रींची क्रूझ ठरली आहे. बंदरे क्रमाने मार्सेय, जेनोआ, चिव्हितावेक्किया (रोमसाठीचे बंदर), नेपल्स (पाँपेई इथून), पालेर्मो, मग एक दिवस समुद्रात आणि परत बार्सिलोना. आम्ही दोघे आणि आई-बाबा. दोघेही सत्तरीचे, बाबांना गुडघ्याचा त्रास आहे. आई पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूण चालतो.
प्रत्येक बंदरात जहाजाची सहल घेतली तर चौघांचा खर्च फार होतो. कुठे पैसे मोजणे योग्य आणि कुठे स्वतः जाणे सोपे? रोम आणि पाँपेई दोन्ही आई-बाबांना झेपेल का? चिव्हितावेक्कियाला जहाज सकाळी ७ ते संध्याकाळी ७ आहे.

रुळावरून:
आधी एक नियम. जहाजाच्या सहलीची बस अडकून पडली तर जहाज थांबते, किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी घेते. स्वतः गेलेल्यांसाठी थांबत नाही. म्हणून बंदर आणि प्रेक्षणीय स्थळ यांच्यात किती अंतर आहे, ते आधी बघा. अंतर लांब आणि परतीचा मार्ग एकच असेल तिथेच पैसे मोजा.

त्या हिशेबाने जेनोआ अगदी सोपे. क्रूझ टर्मिनलमधून पिआत्सा प्रिन्चिपे स्टेशन चालत दहा मिनिटांवर. पुढे व्हिया बाल्बी या रस्त्याने व्हिया गारिबाल्दीपर्यंत जा. तिथले जुने वाडे २००६पासून जागतिक वारसा यादीत आहेत. जवळच पिआत्सा पोर्तेल्लोवरून कास्तेल्लेत्तोला लिफ्ट जाते. वरून सगळे बंदर दिसते आणि बाबांना एकही पायरी चढावी लागत नाही. पालेर्मोतही जहाज शहरालाच लागते, सहल नको.

मार्सेयचे टर्मिनल मात्र शहराच्या उत्तरेला दूर आहे, जुन्या बंदरापर्यंत चालत जाण्यासारखे नाही. जहाजाची फक्त ने-आण करणारी बस किंवा टॅक्सी घ्या. जुन्या बंदराजवळून ६० नंबरची बस टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्द चर्चपर्यंत जाते. मिस्त्राल हा इथला जोराचा वारा सुटला तर वर उभे राहणे कठीण होते, वाऱ्याचे जॅकेट जवळ असू द्या.

आता रोम. चिव्हितावेक्कियाहून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे. जहाजापासून बंदराची मोफत बस लार्गो देल्ला पाचेपर्यंत येते. तिथून स्टेशनपर्यंत शहर बस किंवा वीसेक मिनिटे चाल. प्रादेशिक गाडीने रोमा सान पिएत्रो पाऊण तासावर, तेर्मिनी हे मुख्य स्टेशन त्याहून वीस-पंचवीस मिनिटे पुढे. व्हॅटिकनच बघायचे असेल तर सान पिएत्रोलाच उतरा, चौक पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर तिथल्या बॅसिलिकात (मोठ्या चर्चमध्ये) सोडत नाहीत.

बीर्ग नावाचे एक दिवसाचे तिकीट प्रादेशिक गाड्या, मेट्रो आणि बस सगळ्यांना चालते, पण वेगवान गाड्यांना चालत नाही. त्यावर नाव लिहा आणि चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारा. शिक्क्याशिवाय दंड होतो, परदेशी पाहुणे म्हणून सूट नाही. परतताना दुपारी साडेतीनच्या पुढची गाडी धरू नका.

नांगर:
रुळावरून यांनी संपाचा मुद्दा सोडला, आणि चिव्हितावेक्कियाबाबत तोच सगळ्यात मोठा आहे. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, बहुतेकदा शुक्रवारी. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या धावतात. म्हणजे सकाळी रोमला आरामात पोचाल, पण दुपारी परतायला गाडी मिळेलच असे नाही, आणि संध्याकाळची हमी सुरू होते तेव्हा जहाजाची शिडी उचलायची वेळ आलेली असते. निघण्याआधी आठवडाभर 'शोपेरो' (sciopero, म्हणजे संप) हा शब्द टाकून तारीख तपासा.

सत्तरीच्या मंडळींसह रोमला माझे मत जहाजाच्या बसच्या बाजूने आहे. पण मार्गदर्शकासहची पूर्ण सहल नको. बहुतेक जहाजे फक्त बसची ने-आण विकतात, रोममध्ये सोडतात आणि ठरलेल्या वेळी परत घेतात. ती बरीच स्वस्त पडते आणि उशीर झाला तर जबाबदारी जहाजाची. येताना-जाताना दीड-दीड तास, शिवाय जहाजातून उतरण्याचा आणि वेळेआधी परतण्याचा वेळ धरा, म्हणजे हातात पाचेक तास उरतात. एकच भाग निवडा: व्हॅटिकन किंवा कोलोसियम. व्हॅटिकन संग्रहालये रविवारी बंद असतात, महिन्यातल्या शेवटच्या रविवारी सकाळी उघडतात आणि तेव्हा तुफान गर्दी असते. बुधवारी सकाळी पोप भाविकांना भेटतात, त्या वेळी बॅसिलिकात जाता येत नाही.

पाँपेईबद्दल: जुन्या रस्त्यांचे दगड वर-खाली आहेत, रथाच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या आहेत, सावली कमी. गुडघा दुखणाऱ्या माणसाला दोन तासांत नको होते. पिआत्सा आन्फितेआत्रोच्या दाराने गेलात तर चढ-पायऱ्या टाळणारा मार्ग आहे. पण बाबांसाठी नेपल्सचे पुरातत्त्व संग्रहालय जास्त चांगले. पाँपेईतली भित्तिचित्रे आणि मोझेक तिथेच आणून ठेवली आहेत. बंदरासमोरच्या म्युनिचिपिओ स्टेशनवरून मेट्रोच्या १ नंबर मार्गाने तिसरे स्टेशन, म्युझेओ. मंगळवारी बंद.

तुम्हा दोघांना पाँपेईला जायचेच असेल तर दोन गट करा. सोरेन्तोकडे जाणारी चिर्कुमव्हेसुव्हियाना ही लोकल गाडी पकडा आणि 'पोम्पेई स्कावी – व्हिल्ला देई मिस्तेरी'ला उतरा, दार समोरच आहे. पोज्जोमारिनोच्या गाडीत बसलात तर 'पोम्पेई सान्तुआरिओ'ला उतराल, तिथून हे दार लांब. नेपल्सच्या गारिबाल्दी स्टेशनला गाडी भरलेली येते. ती एक स्टेशन आधी पोर्ता नोलानाहून सुटते, तिथून बसा म्हणजे जागा मिळते. खिसेकापूंपासून सावध, पाठपिशवी पोटावर. पाँपेईच्या तिकिटावर नाव असते आणि दिवसाला २०,००० जणांनाच सोडतात, म्हणून आधी काढून ठेवा.

गलबत:
फार उपयोगी माहिती! मग रोमला ने-आण बस आणि नेपल्सला दोन गट. जहाजावर आईच्या जेवणाचे आणि बाकी गोष्टींचे काय?

जिन्नसपेटी:
बुकिंगमध्ये 'भारतीय शाकाहारी' अशी नोंद आताच करा आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य वेटरला भेटून पक्के करा. जमले तर तो दुसऱ्या दिवशीचे पदार्थ आदल्या रात्री दाखवतो. बुफेत फसायला होते ते सूपमध्ये, भाज्यांच्या सूपलाही मांसाचा रस्सा असू शकतो, विचारून घ्या. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातले रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) असते, काटेकोर शाकाहारी असाल तर ते वरून नको म्हणून सांगा. नेपल्समध्ये मारिनारा पिझ्झा घ्या. त्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल असते, चीज नसते.

घरून चिवडा, खाकरा, चटण्या न्या. दूध, खवा, पनीर, मांस युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे, म्हणून पेढे-बर्फी घरीच ठेवा. जहाजावरून शिजवलेले अन्न बंदरात न्यायचे नाही. विजेची किटली, इस्त्री आणि सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्ड तपासणीत काढून घेतात. आपल्या तीन पिनांच्या प्लगसाठी दोन पिनांचे अडॅप्टर लागते.

चढण्याच्या दिवशी मोठ्या बॅगा संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये पोचतात. गोळ्या, पासपोर्ट, एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत. शेवटच्या रात्री बॅगा बाहेर ठेवायच्या असतात, तेव्हाही तेच. सुरक्षेची कवायत टाळता येत नाही.

फोन जहाजावर पाय ठेवताच विमान मोडमध्ये टाका. समुद्रात तो उपग्रहावरच्या जाळ्याला जोडला जातो, त्याचे दर युरोपच्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाहीत आणि बिल फार मोठे येते. विमान मोड बंदरात उतरल्यावरच बंद करा. घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा, दारावरच्या पत्रकात 'सगळे जहाजावर' अशी वेळ छापलेली असते. ती सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते, तीच पाळा.

केबिन मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घेतलीत तर हेलकावे कमी जाणवतात. वाऱ्यामुळे एखादे बंदर रद्द झाले तर जहाजाच्या सहलीचे पैसे परत मिळतात, बाहेर काढलेल्या तिकिटांचे बहुतेकदा नाही. म्हणून मार्सेयसाठी आधी काही काढू नका.