चर्चा: बायोमटेरियलसाठी (शरीरात बसवायच्या वस्तूंच्या पदार्थांसाठी) कोल्हापुरात स्वतंत्र एम.टेक. हवा, की पीएच.डी.ला दुसरा मार्गदर्शक पुरे?

शिरोलीकर
शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्स आहे, डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात स्टेम सेलवर काम चालतं, सीपीआर रुग्णालयाला जोडून शासकीय मेडिकल कॉलेज आहे, नि शिरोली-गोकुळ शिरगावला मशिन शॉपला तोटा नाही. शरीरात बसवायची वस्तू घडवायला लागणारी माणसं एकाच गावात आहेत. पण थिन फिल्मवाल्याला (पदार्थाचा पातळ थर बनवणाऱ्याला) पेशी कळत नाहीत आणि पेशीवाल्याला रफनेसचा (पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा) आकडा वाचता येत नाही. दोन वर्षांचा स्वतंत्र एम.टेक. काढावा. मेकॅनिकल, फिजिक्स, बायोटेक, एम.बी.बी.एस., सगळ्यांना प्रवेश. पहिल्या सत्रात एकमेकांचे विषय, मग तीन लॅबमध्ये दोन-दोन महिने, उरलेला वेळ प्रोजेक्ट.

पेशीवाली
माझा विरोध. दोन महिने तर सेल कल्चरला (पेशी भांड्यात वाढवण्याला) हात बसायलाच जातात. मायकोप्लाझ्मा हा बारीक जंतू शिरला तर मीडिया (पेशी वाढवायचं द्रावण) गढूळसुद्धा होत नाही, पेशी नुसत्या मंदावतात, आणि पोरगं लिहून मोकळं होतं की मटेरियल टॉक्सिक आहे.

आयएसओ १०९९३ (शरीरात जाणाऱ्या वस्तूंच्या चाचण्यांचं मानक) च्या पाचव्या भागातली, पेशींना विषारी आहे का बघणारी चाचणी घ्या. मटेरियलचा मीडियात अर्क ३७ अंशाला २४ तास काढायचा आणि तो पेशींवर घालायचा. फिल्म अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर मिलिलिटरला ६ चौरस सेंटिमीटर, जाड असेल तर ३. इथवर वाचून कुणीही करेल. पण कायटोसान या पॉलिमरचा सच्छिद्र स्कॅफोल्ड (पेशी वाढायचा सांगाडा) स्वतःच मीडिया पिऊन बसतो. तो किती पितो हे आधी मोजून तेवढा जादा घालावा लागतो. नाही घातला की अर्क दाट होतो, जिवंत पेशी ७० टक्क्यांच्या खाली जातात आणि चांगलं मटेरियल नापास.

उलटंही घडतं. पानांच्या अर्कातून केलेले चांदीचे नॅनोकण सध्या जिकडंतिकडं. त्यावर चिकटून राहिलेली पानांतली फिनॉलिक द्रव्यं एमटीटीला (जिवंत पेशींमुळं जांभळं होणाऱ्या द्रव्याला) स्वतःच जांभळं करतात. पेशी न घातलेला कंट्रोल (तुलनेचा नमुना) ठेवला नाही तर मेलेली प्लेट जिवंत दिसते. हे दोन महिन्यांच्या फेरीत कळत नाही. एका विषयात मुरलेला माणूस लागतो, दुसरा विषय त्याला जोडीदाराकडून मिळावा.

तपोवन
मॅडम, तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातंय. स्कॅफोल्ड किती मीडिया पितो हा प्रश्न सच्छिद्रतेचा, म्हणजे आमच्या बाजूचा. तुमच्या विषयात मुरलेल्यालाच तो सुचत नाही.

आमच्याकडचंही सांगतो, झाकून काय करायचं. सिम्युलेटेड बॉडी फ्लुइडमध्ये (रक्तद्रवासारखे क्षार असलेल्या द्रावणात) नमुना सात दिवस बुडवायचा, एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या चाचणीत) ३२ अंशाच्या कोनाजवळ ॲपेटाइटचं (हाडातल्या खनिजाचं) शिखर आलं की ‘बायोॲक्टिव्ह’ (हाडाशी जुळणारं) म्हणून पेपर. मुळात ते द्रावण अतिसंपृक्त, म्हणजे मावतील त्याहून जास्त क्षार असलेलं. पीएच ७.४० हवा तो ३६.५ अंशाला, खोलीच्या तापमानाला नव्हे. पीएच सांभाळणारं ट्रिस भराभर ओतलं की द्रावण पांढरं होतं, मग ते टाकून पुन्हा सुरुवात. काचेचं भांडं नको, ओरखडा पडलेलं प्लॅस्टिकचंही नको, थर तिथंच धरतो. द्रावण किती घ्यायचं? नमुन्याचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये काढून दहाने भागा, तेवढे मिलिलिटर. आणि हे सगळं चोख केलं तरी त्यात प्रथिन नावाला नाही! रक्तात वस्तू गेली की काही सेकंदांत तिच्यावर प्रथिनांचा थर बसतो. पेशीला भेटतो तो हा थर, आमची फिल्म नाही. ही गोष्ट फिजिक्सच्या पोराला पहिल्याच सत्रात कुणी सांगायची? म्हणून कोर्स हवा.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
दोघंही निर्जंतुकीकरणाबद्दल गप्प! पीएलजीए या शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरचं ग्लास ट्रान्झिशन (मऊ पडायचं तापमान) ५० अंशांच्या आसपास, आणि १२१ अंशाच्या ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात) स्कॅफोल्डचा गोळा होतो. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुचकळून ‘स्टेराइल’ म्हणायचं. त्यानं स्पोअर (जंतूंची चिवट बीजरूपं) मरत नाहीत. इथिलीन ऑक्साइड वापरलं तर वायू पूर्ण निघून जाईस्तोवर थांबावं लागतं, नाहीतर पेशी त्यानंच मरतात. २५ किलोग्रे इतक्या मात्रेचा गॅमा किरण दिला तर पॉलिमरच्या साखळ्या तुटतात आणि विरघळण्याचा वेग बदलतो. म्हणजे तीन वर्षं मोजलेले गुणधर्म निर्जंतुक करण्याआधीच्या वस्तूचे. हा निर्णय पहिल्या महिन्यातला आहे, कोर्स काढा नाहीतर नका काढू.

आणि शिरोलीकर, मशिन शॉपचं ठीक, पण त्यावरून फौंड्रीकडं वळू नका. टायटॅनियम वितळतं १६६८ अंशाला आणि तापलं की हवेतला ऑक्सिजन ओढून वरचा थर ठिसूळ करतं. निर्वात भट्टी लागते, वाळूच्या साच्याचं ते काम नव्हे.

शिरोलीकर
ओतायचं म्हटलंच नव्हतं भावा, सीएनसीचं (संगणकावर चालणाऱ्या यंत्रकामाचं) म्हणतोय. तिथंही शिकण्यासारखं लई आहे. हाडाला बसवायच्या प्लेटवर कुलंट (यंत्रकामात थंड करायचं द्रव) राहिलं की पेशी धरत नाहीत. आधी तेल काढायचं, मग २० ते ४५ टक्के नायट्रिक आम्लात किमान अर्धा तास. ऑपरेटरला हे कोण सांगणार, पेशीवाला की मेटॅलर्जीवाला?

चित्रा व्हॉल्व्ह ही हृदयाची कृत्रिम झडप बघा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत बनला, डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवला. कोबाल्ट-क्रोमियमची चौकट, यूएचएमडब्ल्यूपीई या चिवट पॉलिथिलीनची चकती. मिनिटाला ७० ठोके धरले तर वर्षाला साडेतीन कोटींच्या वर उघडझाप. आधीचे नमुने मोडीत काढून तिथवर पोचले, कारण सर्जन आणि इंजिनिअर एका संस्थेत होते.

पेशीवाली
एका संस्थेत होते, एका पदवीचे नव्हते. श्री चित्राचे डॉ. वलियाथन हृदयशल्यविशारद होते आणि तेच राहिले. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात.

माझी सूचना अशी. यूजीसीच्या २०२२ च्या नियमात पीएच.डी. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिट आहे आणि दुसऱ्या विभागातला किंवा संस्थेतला सहमार्गदर्शक चालतो. त्यातले ४ क्रेडिट दुसऱ्याच्या लॅबमध्ये, प्रत्यक्ष हातानं. फिजिक्सच्या विद्यार्थ्यानं एकाच मटेरियलची सायटोटॉक्सिसिटी (पेशींना होणारं विष) तीन वेगवेगळ्या पॅसेजच्या (नव्या भांड्यात हलवल्याच्या फेरीच्या) पेशींवर काढून दाखवायची, आकडे जुळले तरच क्रेडिट. बायोटेकवाल्यानं स्वतः फिल्म ओतून जाडी, रफनेस आणि कॉन्टॅक्ट अँगल (पाण्याचा थेंब पृष्ठभागाला टेकतो तो कोन) मोजायचा. नव्या पदवीची, जागांची, जाहिरातीची वाट बघायला नको.

तपोवन
सहमार्गदर्शकाचं नाव प्रबंधाच्या पहिल्या पानावर असतं आणि माणूस व्हायव्हाला दिसतो. त्याला बांधणार कसं?

पेशीवाली
दर सत्राला सल्लागार समितीपुढं विद्यार्थी उभा राहतोच. तिथं आलेख नकोत, कच्च्या नोंदी ठेवायच्या: प्लेट रीडरचे (प्लेटमधला रंग मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे, पॅसेज नंबर, मायकोप्लाझ्मा तपासल्याची तारीख. त्यावर सहमार्गदर्शकाची सही नसेल तर अहवाल घ्यायचाच नाही.

तपोवन
सहीपुरतं मान्य. पण एम.एस्सी. करून थेट नोकरीला जाणाऱ्याला तुमच्या पीएच.डी.चा काय उपयोग? कागल एमआयडीसीत उद्या कुणी इम्प्लांट बनवायला घेतले तर मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ प्रमाणं फाइल तयार करणारा माणूस लागेल, आणि तो पाच वर्षं थांबणार नाही.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
त्याला एम.टेक. कशाला? सहा महिन्यांचं प्रमाणपत्र पुरे: रिस्क फाइल (धोक्यांची नोंद), स्टरिलायझेशन व्हॅलिडेशन (निर्जंतुकीकरण खरंच होतं याचा पुरावा), १०९९३ मधल्या कुठल्या चाचण्या कुठल्या वस्तूला लागतात, एवढंच. शिकवायला मात्र कंपनीत फाइल लिहिलेला माणूस आणा, प्राध्यापक नको.

शिरोलीकर
प्रमाणपत्र चालेल. एम.टेक.चा हट्ट मात्र सोडत नाही.