बेस ऐकू येत नाही म्हणे!
'बेस गिटार वाजली काय नि न वाजली काय, ऐकू कुठं येते?' असं एकांनी विचारलंय. अहो, मोबाईलवर ऐकाल तर नाहीच येणार. चार तारांतली सगळ्यात जाड ई तार मोकळी छेडली की साधारण ४१ हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला ४१ कंपनं, फार खालचा सूर) घुमते, फोनच्या एवढ्याशा स्पीकरला ते झेपत नाही. गणपतीत एका कार्यक्रमात बेस वाजवताना मी मुद्दाम अख्खं कडवं हात थांबवला. पब्लिकला काही कळलं नाही, पण ढोलकीवाल्यानं लगेच मान वळवली, 'काय झालं ओ?' गाणं पोकळ झालं होतं ना!

आमचा खरा वैरी सोलापूरचा मे महिना. घामानं नव्या तारांचा आवाज बसतो. म्हणून वाजवून झालं की सोलापुरी टॉवेलच्या तुकड्यानं एकेक तार पुसतो. (घरचे म्हणतात, भांडी कधी अशी पुसली नाहीस.)