भाऊबिजेतली बीज कुठली?

प्रश्न : लक्ष्मी रोडवर साडीच्या एका दुकानाबाहेर फलक होता, 'भाऊबीजासाठी खास सवलत'. कानाला खटकलं, पण नेमकं काय चुकलंय ते सांगता येईना. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, तर लगेच अर्थ आला : बहीणभावाच्या प्रेमाचं बीज रुजतं, म्हणून भाऊबीज. खरंच असं आहे का?

— रुजू द्या बापडं, पण व्युत्पत्ती ती नव्हे. पेरायचं ते बीज, नपुंसकलिंगी. ही ती बीज, स्त्रीलिंगी, म्हणजे द्वितीया. कार्तिक शुद्ध द्वितीयेला भाऊबीज, फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत तुकाराम बीज. 'तुकाराम बीजाला देहूला गेलो' असं कुणी म्हणतं का?

— मग हिंदीत भाईदूज कशी? 'द'चा 'ब' कुठून आला?

— 'द्वितीया'च्या सुरुवातीला द आणि व जोडलेले आहेत. हिंदीनं द ठेवला, दूज झाली. मराठी-गुजरातीत व उरला, त्याचा ब झाला. प्राकृतात 'बिइज्जा' आहेच. द्वादशीची बारस झाली तीही अशीच, म्हणून वसुबारस. आणि दोन्ही वाटा एकत्र बघायच्या तर लहानपणचा पाढा म्हणा : 'बे दुणे चार'. 'बे'मध्ये ब, 'दुणे'मध्ये द, मूळ मात्र एकच, 'द्वि'. पाडवासुद्धा तिथीच, प्रतिपदा. म्हणून गुढीचाही पाडवा आणि बळीचाही.

— तिथी कळली की रीतही कळते. यम या दिवशी बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला गेला, म्हणून यमद्वितीया आणि म्हणून भावानं बहिणीच्या घरी जेवायचं. (हल्ली सगळे हॉटेलात भेटतात. यमाची हरकत नसावी.) आमच्याकडे बहीण आधी चंद्राला ओवाळते, मग भावाला. अमावास्येनंतरची ती बारीक कोर सूर्यास्तानंतर थोडा वेळच दिसते. तबकात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता घेऊन गच्चीवर जावं, तर पश्चिमेला नेमकी समोरची बारा मजली इमारत. मग 'दिसली का गं?' करत सगळी वरात पाण्याच्या टाकीपाशी. भाऊ नसलेल्या मुली चंद्रालाच भाऊ मानून ओवाळतात.

— एक अर्थ राहिला. ओवाळणीलाही भाऊबीजच म्हणतात. 'दादा, माझी भाऊबीज राहिलीय' म्हणजे तारीख नव्हे, पाकीट! महर्षी कर्व्यांनी 1896 साली पुण्यात काढलेल्या संस्थेसाठी घरोघर भाऊबीज निधी गोळा होत आला, तो याच अर्थानं : शिकणाऱ्या मुलींना समाजानं घातलेली ओवाळणी. अंगणवाडी सेविकांना सरकार देतं तीही 'भाऊबीज भेट'.

प्रश्नकर्ता : म्हणजे फलकावर 'भाऊबीजेसाठी' हवं होतं.

— जवळपास. 'भाऊबिजेसाठी', बि ऱ्हस्व. तिथीची बीज हा तद्भव, म्हणजे संस्कृतातून बदलत आलेला शब्द, त्यामुळे सामान्यरूपात उपान्त्य (शेवटून दुसरी) ई ऱ्हस्व होते. पेरायचं बीज तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं, म्हणून 'बीजाला' दीर्घच राहतं. दुकानदाराला सांगायला जाणार असाल तर आधी साडी घ्या. नुसती चूक काढणाऱ्याला लक्ष्मी रोडवर कुणी पाणीसुद्धा विचारत नाही.